बाहेरचं गिऱ्हाईक

नानांनी बोट विकायला काढल्यापासून घरात बोटीबद्दल कुणी कुणाशी अवाक्षर काढत नव्हतं, आणि रविवारी सकाळी जो घोळ झाला तो त्यामुळेच. एकाच धक्क्यावर, एकाच बोटीसमोर दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. एक त्यांच्या थोरल्या मुलाने आणलेलं होतं. दुसरं कुणी पाठवलं हे धाकटीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि धाकटी दोर सोडवण्यात भलतीच गुंतली होती.

या घराचा एक नियम होता. नाना आणि त्यांचा भाऊ यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान एकत्र होतं तोवर सगळं बरं चाललं होतं. मग भावाने आपला हिस्सा नानांना विकला, शेजारचाच गाळा घेतला, आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते भाऊ जाईपर्यंत. मधली भिंत इतकी पातळ की याची शिंक त्याला ऐकू जायची, पण तब्येतीची चौकशी मात्र तिसऱ्याच माणसाकडून व्हायची. तेव्हा नानांच्या आईने सांगून टाकलं की यापुढे घरातल्या घरात खरेदी नाही, विक्री नाही आणि भेटही नाही. वस्तू नकोशी झाली की बाहेरच्याला द्यायची आणि हात झटकून मोकळं व्हायचं. म्हातारी गेली, पण नियम घराच्या दारासारखा जागच्या जागी राहिला.

अर्थात नियम आला की पळवाटही आली. नानांची जुनी सायकल थोरल्याला हवी होती, तेव्हा ती आधी त्याच्या ऑफिसातल्या शिपायाने विकत घेतली आणि पुढच्याच आठवड्यात थोरल्याच्या जिन्याखाली दिसली. नानांनी तिच्याकडे पाहिलं, घंटीचा आवाज ओळखीचा वाटतो म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले. तेव्हापासून सगळ्यांची समजूत झाली होती की नियम पाळायचा म्हणजे फक्त थोडा वळसा घ्यायचा.

थोरला विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचा. अपघातानंतर 'समोरची गाडी कुठून आली कळलंच नाही' म्हणणारी माणसं दिवसभर त्याच्या टेबलापुढे बसायची, आणि त्याच्या चेहऱ्यावर कायमची एक शंका येऊन राहिली होती. मागच्या हंगामात नानांची बोट बंदराच्या भिंतीला घासली, तेव्हा नानांनी वाऱ्याला दोष दिला होता. थोरल्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशीपासून बोट विकण्याचा विषय लावून धरला. वय झालं, गुडघे दुखतात, थंडी बाधते, अशी कारणं तो एकेक करून मांडत गेला. महिन्याभराने नाना एकदम 'बरं' म्हणाले. इतक्या चटकन ते तयार होतील असं त्याला वाटलं नव्हतं, आणि खरं तर त्याला ते फारसं आवडलंही नव्हतं.

त्याने आणलेलं गिऱ्हाईक म्हणजे एक भूलतज्ज्ञ बाई. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. आजवर दुसऱ्यांच्या बोटींवर हात चालवला होता, आता स्वतःची हवी होती. आदल्याच आठवड्यात त्यांनी माणूस लावून बोट पाण्याबाहेर काढून तपासून घेतली होती. तळ ठणठणीत होता, डोलकाठी ताणून धरणाऱ्या दोन तारा बदलायला झाल्या होत्या, बाकी जुन्या शिडांच्या बोटीत जे असायचं ते होतं. बाई फार कमी बोलत. ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं कामावर झोपलेलीच असतात, म्हणून सवय मोडली असेल, असं थोरल्याला वाटलं.

दुसरं गिऱ्हाईक होतं एका मोठ्या वाचनालयाचे ग्रंथपाल. अंगातल्या नव्या कोऱ्या जाकिटावर दुकानातल्या घड्या अजून तशाच होत्या आणि पायात लेसचे चामडी बूट होते. जाहिरात वाचून आलो म्हणाले. थोरल्याला उलट बरंच वाटलं. दोन गिऱ्हाइकं असली की दोघांनाही घाई होते, हे त्याला ऐकून ठाऊक होतं. नाना म्हणाले, आलाच आहात तर दोघंही चला, एक फेरी मारून येऊ.

ग्रंथपाल पिशवी ठेवायला केबिनकडे गेले. केबिनचं दार जुनं होतं, पाण्याने फुगलेलं. ते नुसतं ओढून उघडत नसे. खालून गुडघा लावून जरा उचलायचं आणि मग ओढायचं, ही युक्ती घरच्यांनाच ठाऊक होती. ग्रंथपालांनी सरळ जाऊन गुडघा लावला, दार उचललं, ओढलं आणि ते आत गेले. मागून बाईंनी तेच दार दोनदा ओढलं, ते हललं नाही, तेव्हा नानांनी पुढे होऊन दाखवलं.

थोरल्याने बहिणीकडे बघितलं. ती त्याच वाचनालयात पुस्तकांची बांधणी करते हे त्याला आत्ता आठवलं. गिऱ्हाइकाचं हसं होऊ नये म्हणून तिने त्याला इतकं नीट पढवून पाठवलं होतं, की ज्याला काहीच माहीत नसायला हवं त्याला सगळं माहीत होतं. नानांनीही हे पाहिलं असावं. त्यांनी ग्रंथपालांना फक्त विचारलं, पोहता येतं का, आणि ग्रंथपाल म्हणाले, त्याबद्दल वाचलंय.

थोरला धक्क्यावरच थांबला. त्याला बोट लागायची.

बंदराच्या बाहेर पडल्यावर धाकटीला जरा हायसं वाटलं. वारा बेताचा होता, शीड एका झटक्यात वर गेलं, आणि नाना नेहमीसारखे सुकाणूचा दांडा काखेत धरून बसले. शाळेत असल्यापासून ती या बोटीवर येत होती. नवरा नाही, मूल नाही, त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. रविवार नसता तर मात्र आठवडा कसा काढायचा हे तिला सुचलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं होतं की नानांना उजवीकडचं दिसेनासं होतंय. आधी घरी चहा कपाच्या बाहेर सांडू लागला. मग एकदा उजव्या बाजूने एक हिरवा पडाव, मालवाहू होडी, अगदी जवळ आला तरी नाना गुणगुणतच होते. ती ओरडणार होती. पण तिच्या तोंडून निघालं, "नाना, तो हिरवा रंग बघा, किती छान दिलाय." नाना वळले, त्यांनी पडाव पाहिला, दांडा फिरवला आणि म्हणाले, "हो, छान आहे."

त्या दिवसापासून तीच त्यांची रीत झाली. नाना चालवायचे, ती त्यांच्या उजव्या हाताला बसायची आणि त्या बाजूने जे काही येईल त्याचं कौतुक करायची. होड्यांचं, पक्ष्यांचं, पाण्यातल्या तरंगत्या खुणांचं. एकदा तर तिने कचरा वाहून नेणाऱ्या गंजक्या बार्जलाही छान म्हटलं होतं. डोळ्यांबद्दल ना त्यांनी शब्द काढला ना तिने. कुणाला काही लागत नव्हतं, कुणाला वाईट वाटत नव्हतं. असंच चालत राहावं एवढंच तिला हवं होतं, म्हणून बोट हवी होती, आणि म्हणून ग्रंथपालांचा घाट घातला होता. बोट परक्याकडे गेली तर नाना खिडकीशी बसतील आणि वर्षभरात म्हातारे होतील, याची तिला मनापासून भीती वाटत होती.

ग्रंथपालांनी मात्र तिचा हिशेब चुकवला. पहिली मोठी लाट आली तसे ते पांढरेफटक पडले आणि डाव्या बाजूने ओणवे झाले. धाकटीने त्यांची कॉलर धरली. शेवटी त्यांना या भानगडीत ओढलं होतं तिनेच. ते सारखे माफी मागत होते आणि मधूनमधून ओकत होते. तिची पाठ उजवीकडे होती.

"उजवीकडे लाँच आहे," बाई म्हणाल्या.

नानांनी समोर पाहिलं. "कुठे?"

बाईंनी पुन्हा सांगितलं नाही. नानांची मान कुठून कुठवर वळते ते त्यांनी बघितलं, आणि त्यांच्या हातावरून आपला हात घालून दांडा जोरात ढकलला. शीड फडफडलं, ग्रंथपाल बुडावर आपटले, आणि मासेमारीची लाँच अगदी अंगावरून गेल्यासारखी गेली. लाँचवरच्या माणसाने नानांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला.

मग बाईंनी विचारलं, "तुम्हाला उजव्या बाजूचं दिसत नाही. कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं," नाना म्हणाले. कुणी किती वाजले विचारावं आणि त्यांनी सांगावं, तितक्या सहज.

"सुकाणू मी घेते. तुम्ही इकडे बसा."

"बोट माझी आहे."

"हो. पण लाँचमध्ये माणसं होती."

नाना उठले आणि सरकून बसले. धाकटीला बाईंचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अर्ध्या तासाची ओळख, आणि जे तिने दोन वर्षं तळहातावर जपलं होतं ते या बाईने दोन वाक्यांत फोडून टाकलं. नानांनी इतक्या चटकन उत्तर दिलं याचा राग त्याहून जास्त होता.

बंदरावरच्या चहाच्या खोलीत खिडकीशी आई बसली होती. बोटीवर ती कधी चढली नव्हती. लग्नानंतर वर्षभरात बोट आली, तेव्हापासून ती तिला सवत म्हणायची, आधी चेष्टेने आणि मग नुसतंच. सवतीला कुणी घराबाहेर काढत असेल तर ती कशाला आड येईल? विक्रीच्या बाबतीत ती पहिल्यापासून थोरल्याच्या बाजूने होती.

थोरल्याने तिला दाराची आणि गुडघ्याची गोष्ट सांगितली. आई म्हणाली की धाकटी गप्प होती तेव्हाच तिला संशय आला होता. ती लहानपणीसुद्धा काही फोडलं की असंच शहाण्यासारखं वागायची. थोरला म्हणाला, ग्रंथपालांना आता काय सांगायचं ते तू सांग. आई उत्तर देणार होती, पण तेवढ्यात बोट बंदराच्या तोंडाशी आली.

दांडा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होता. हे तिने कधी पाहिलं नव्हतं. मोकळ्या पाण्यात नाना धाकटीला चालवू देत, पण बंदर जवळ आलं की दांडा परत घेत. आज ते मधल्या बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, बसमध्ये आपला थांबा येण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखे. बोटीबद्दल आईला अजूनही काही वाटलं नाही, पण त्या गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडे तिला बघवेना.

"काय झालं असेल?" थोरला म्हणाला.

"त्यांना दिसत नाही," आई म्हणाली. "मला घरी कळायचं. मला वाटलं, पाण्यावर दिसत असेल."

ते सगळे वर आले. ग्रंथपाल आणि भूलतज्ज्ञ बाई खोलीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. बाईंनी त्यांच्यासाठी लिंबूपाणी मागवलं आणि घोट घोट प्या म्हणून बजावलं. घरची चौघं खिडकीच्या टेबलाशी. आईने डबा उघडला, अंडी सोलली, आणि कुणी हात लावला नाही.

धाकटीने लाँचचं सांगितलं, जमेल तितकं कमी करून. ग्रंथपालांचंही कबूल केलं. थोरला तिच्यावर उखडेल अशी तिची तयारी होती. पण थोरला खिडकीबाहेर बघत बसला होता. तो वाऱ्याचा विचार करत होता, म्हणजे भिंतीला घासल्यानंतर नानांनी ज्याच्यावर ढकललं होतं त्या वाऱ्याचा. खोटं बोलणारी माणसं त्याला रोज भेटायची, पण त्यांच्यातल्या कुणी त्याला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली नव्हती. नानांनी दाखवली होती.

"द्या तिलाच," तो म्हणाला. "नियम आजीचा होता. आजी नाही आता. मला काही नको त्यातलं."

"मीही तेच म्हणते," आई म्हणाली.

या घरात मतं नेहमी दोनाला दोन पडत, आणि मग जे चाललंय तेच चालू राही. एका बाजूला तीन माणसं ही गोष्ट पहिल्यांदाच घडत होती, आणि कुणालाच पुढे काय करायचं ते कळेना. धाकटीने भावाकडे बघितलं. त्याला मिठी मारावी असं तिला वाटलं, पण तीही सवय घरात नव्हती.

नाना म्हणाले, "ग्रंथपालांना मी दारातच ओळखलं. गुडघा अगदी बरोबर लागला."

"मग बोलला का नाहीत?" धाकटीने विचारलं.

"सायकलसारखंच करायचं ठरवलं होतं. त्यांनाच द्यायची, काही न बोलता. डॉक्टरबाईंना कसं नाही म्हणायचं एवढाच प्रश्न होता."

"मग आता काय झालं?"

"लाँच झाली."

"ती चूक माझी आहे, नाना. मी पाठ करून बसले होते. पुन्हा नाही होणार."

नानांनी अंडं उचललं आणि परत ठेवलं. "हेच. डोळा माझा, आणि चूक तुझी. बोट तुझ्याकडे राहिली की मी दर रविवारी तुझ्या दारात येणार. तू मला नाही म्हणणार नाहीस. दांडा माझ्या हातात देशील आणि शेजारी बसून रंगांचं कौतुक करशील. त्या कचऱ्याच्या बार्जला छान म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं होतं."

धाकटीचा चेहरा उतरला. "कळलं होतं तर मला एकदा तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस. आणि मला जायचं होतं."

हे ऐकून थोरल्याने मान खाली घातली. आईने नानांच्या बाहीला हात लावला. "अहो, मग नका जाऊ. बोट तिच्याकडे राहू दे आणि तुम्ही घरी राहा."

"मला जमायचं नाही ते. तू इतकी वर्षं नको म्हणत आलीस. मी ऐकलं?"

"नाही," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

नाना उठले. खुर्च्यांच्या मधून, उजव्या हाताने एकेक पाठ चाचपत ते पलीकडच्या टेबलापाशी गेले. धाकटीही मागोमाग गेली. खोली लहान होती, बोललेलं सगळ्यांना ऐकू जात होतं.

"डॉक्टरबाई, बोट तुम्हाला दिली तर एखाद्या रविवारी मला न्याल?"

"नेईन की."

"सुकाणूवर बसू द्याल?"

"नाही."

"बंदराबाहेर गेल्यावर. मोकळ्या पाण्यात, थोडा वेळ."

"नाही."

"समोर कुणी नसताना."

"समोर कुणी नाही हे तुम्हाला कसं कळणार?"

ग्रंथपालांनी ग्लासात मान घातली. नानांचे कान लाल झाले. या वयात, चार लोकांसमोर, एखाद्या मुलासारखी आपण विनवणी करतोय हे त्यांना कळत होतं, आणि तरी पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं धाकटीला दिसत होतं. बाईंनी नजर हलवली नाही. त्यांना वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट होतं, पण त्या तशाच बसून राहिल्या.

धाकटीला बाईंना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि तिच्या मनात आलं, आपण असतो तर पहिल्याच वेळी दांडा देऊन टाकला असता. दुसऱ्यांदा विचारायची वेळही आली नसती. आणि एखाद्या रविवारी, कुणाची तरी कॉलर धरलेली असताना, अशाच एखाद्या लाँचमधली माणसं पाण्यात गेली असती, नानांसकट.

"बोट तुमची," नाना म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला. नानांनी तो हातात घेतला, जरा जास्तच वेळ धरला आणि सोडला. मग वळून ते धाकटीला शोधू लागले. ती त्यांच्या उजव्या बाजूला, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ उभी होती, आणि ते थोरल्याकडे बघत होते, आईकडे बघत होते, रिकाम्या दाराकडे बघत होते. तिला सवयीने वाटलं, भिंतीवरच्या चित्राबद्दल काहीतरी म्हणावं, म्हणजे ते आपोआप वळतील.

"नाना, तुम्हाला दिसत नाहीये," ती म्हणाली. "मी उजवीकडे आहे."

नानांनी मान पूर्ण वळवली आणि तिच्याकडे बघितलं.